यूट्यूबवर एक्सेल शिकलो, पण पट्टी चुकली ना राव

बीकॉम झाल्यावर क्लासला पैसे नव्हते म्हणून मी एक्सेल अन् टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) दोन्ही यूट्यूबवरच शिकलो, मित्राच्या जुन्या लॅपटॉपवर. फुकट शिकता येतं, अगदी नोकरी लागण्याइतकं येतं, फक्त मी शिकलो तसं शिकू नका.

मोठा फायदा म्हणजे लाज वाटत नाही. एमएससीआयटीला एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की मागची पोरं हसायची, इथं व्हिडिओ पन्नासदा मागं न्या, कोण बघतंय. पिव्होट टेबल, म्हणजे मोठ्या यादीचा गोषवारा काढायचं टेबल, मी असंच दोन दिवस घोळवून शिकलो.

मग लातूरला एका आडत दुकानात लागलो, ऐन सोयाबीनच्या सीझनमधे. शेतकऱ्याच्या पट्टीतून, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदातून, हमाली, तोलाई आणि आधी घेतलेली उचल वजा करायची. म्हटलं उचलीची यादी आहेच, नावावरून रक्कम शोधून आणणारं एक्सलुकअप सूत्र लावतो, तर नेम एरर, म्हणजे एक्सेलला ते सूत्रच ओळखेना! दुकानातलं एक्सेल २०१६ चं, अन् एक्सलुकअप २०२१ पासून पुढच्या एक्सेलमधे आणि ३६५ मधेच आहे, हे मी बघितलेल्या व्हिडिओत कुणी बोललंच नव्हतं. मग घाईत त्याच कामाचं जुनं सूत्र व्हीलुकअप लावलं आणि शेवटचं फॉल्स टाकायचं राहिलं. ते नसलं की एक्सेल अंदाजानं जुळवतं, म्हणजे ज्याचं नाव उचलीच्या यादीतच नाही त्याला दुसऱ्याच कुणाची तरी रक्कम चिकटवतं. एरर आला असता तर बरं झालं असतं, आकडा कसा एकदम खरा दिसतो.

एक काका पट्टी घेऊन परत आले, "मी तर उचल घेतलीच नाही की." मुनीमजी माझ्याकडं बघून, "काय करलालास रे पोरा? मशीन म्हणतंय म्हणून बारा हजार कापलास व्हय?"

घरी येऊन व्हीलुकअपचा व्हिडिओ परत लावला. सरांनी फॉल्स टाकलं होतं, का टाकायचं तेही सांगितलं होतं, मीच डबल स्पीडला बघितला होता. आणि त्यांच्या शीटमधे दहा स्वच्छ नावं, आमच्या यादीत एकच माणूस तीन स्पेलिंगनं आणि नावाच्या शेवटी मोकळी स्पेस, त्यामुळं फॉल्स टाकूनही काही नावं सापडेनात, मग जादा स्पेस काढणारं ट्रिम शिकलो.

टॅलीचं तर आधी व्हिडिओची तारीखच बघा. टॅली प्राइम २०२० ला आलं, त्याआधीचा असेल तर मेनू वेगळा, आणि १ जुलै २०१७ च्या आधीचा असेल तर त्यात जीएसटीच नाही, व्हॅट शिकत बसाल.

आता मी दहा मिनिटं बघतो, व्हिडिओ बंद करतो, अन् दुकानाच्याच घाण डेटावर करून बघतो, तिथंच कळतं काय आलं नाही ते. आणि मुनीमजी अजून रोज पहिल्या दोन पट्ट्या वहीत पेनानं करतात, माझ्या शीटशी जुळल्या की मगच म्हणतात, "हं, काढ प्रिंट."