मोटारहोमने सासवड, फलटण आणि वाई: तीन दिवसांच्या सहलीची आखणी

मोटारहोम, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन पहिल्यांदाच बाहेर पडणारी कुटुंबे बहुधा महाबळेश्वर किंवा कोकण किनारा निवडतात आणि निम्मा वेळ घाटातल्या रांगेत घालवतात. पुण्याहून निघणाऱ्यांसाठी त्यापेक्षा सोयीचा मार्ग सासवड, जेजुरी, फलटण आणि वाई या गावांचा आहे. हा सगळा फेरा सुमारे तीनशे किलोमीटरचा असल्यामुळे दोन मुक्कामांत आरामात पूर्ण होतो, आणि प्रत्येक टप्प्यावर पाहण्यासारखे इतके काही आहे की गाडी चालवण्यापेक्षा थांबण्यातच अधिक वेळ जातो. मात्र आखणी नेहमीच्या सहलीच्या उलट क्रमाने करावी लागते. आधी गाडी कुठे उभी राहील आणि रात्र कुठे काढायची हे ठरवावे आणि मग त्या जागेपासून काय काय पाहता येईल याचा विचार करावा. जुन्या पेठांच्या गावांत सहा-सात मीटर लांब आणि छतावरचे वातानुकूलन यंत्र धरून सुमारे तीन मीटर उंच गाडी घेऊन शिरणाऱ्याला हा क्रम पहिल्या वळणावरच पटतो.

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे, म्हणजे अशा गाड्यांतून होणाऱ्या पर्यटनाचे, धोरण जाहीर केले असले, तरी पाणी, वीज आणि मैला सोडण्याची सोय एकाच ठिकाणी देणारे तळ या मार्गावर मिळतील असे गृहीत धरून निघू नये. प्रत्यक्षात उपयोगी पडतात ती कृषी पर्यटन केंद्रे, महामार्गालगतची मोठ्या आवाराची हॉटेले आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित असलेली जागा म्हणजे गावाबाहेरचे मंगल कार्यालय. लग्नतिथी नसलेल्या दिवशी तेथे प्रशस्त वाहनतळ, बोअरचे पाणी, स्वच्छतागृह, दिवाबत्ती आणि रखवालदार अशा पाचही गोष्टी मिळतात, आणि व्यवस्थापकाशी आधी फोनवर बोलून रक्कम ठरवली तर सहसा अडचण येत नाही. पंचांग पाहून दाट लग्नतिथींचे दिवस मात्र टाळावेत, कारण त्या दिवशी जागा मिळत नाही आणि मिळालीच तर मध्यरात्रीपर्यंत झोप मिळत नाही. जागा ठरवताना तीन प्रश्न नेमके विचारावेत: प्रवेशद्वाराची रुंदी आणि कमानीची उंची किती आहे, पंधरा अँपिअरचा सॉकेट गाडीपर्यंत पोहोचेल अशा अंतरावर आहे का, आणि शौचालय सेप्टिक टँकला जोडलेले आहे की उघड्या गटाराला. मुक्काम शेतावर असेल तर चौथा प्रश्नही विचारावा, तो म्हणजे वीज गावठाण फीडरवरची (गावातल्या घरांना पुरवठा करणाऱ्या वाहिनीवरची) आहे की शेतीपंपाच्या फीडरवरची; शेतीपंपाच्या फीडरवर वीज ठरावीक तासांपुरतीच असते, आणि ते तास बऱ्याचदा आपल्या सोयीचे नसतात.

गाडी ताब्यात घेताना घाई करू नये. आपल्याकडे भाड्याची बहुतेक मोटारहोम चालकासह मिळतात आणि पहिल्या सहलीसाठी तेच बरे. तरीही कागदपत्रे, विमा आणि पर्यटक परवाना स्वतः पाहून घ्यावा. स्वतः चालवायची गाडी मिळाली, तर तिचे एकूण वजन 7,500 किलोच्या आत आहे याची नोंदणी प्रमाणपत्रावरून खात्री करावी, कारण हलक्या वाहनाच्या परवान्याची मर्यादा तेवढीच आहे. गाडीची नेमकी उंची, लांबी आणि रुंदी कागदावर लिहून चालकासमोर चिकटवावी. रेल्वेखालचे भुयारी मार्ग, गावांच्या स्वागतकमानी, जुन्या रस्त्यांवरच्या वडांच्या खाली आलेल्या फांद्या आणि पेठेतल्या लोंबत्या तारा यांपैकी काही ना काही रोज समोर येते, आणि त्या क्षणी अंदाज चालत नाही.

गाडीतल्या यंत्रणांचा हिशेब घरच्या हिशेबापेक्षा वेगळा असतो. शंभर लिटरची पाण्याची टाकी चौघांच्या कुटुंबाला एक दिवस पुरते, तीही अंघोळ मुक्कामाच्या ठिकाणच्या स्नानगृहात केली तरच. पिण्यासाठी वीस लिटरचा जार वेगळा ठेवावा आणि टाकीतले पाणी भांडी व हात धुण्यापुरते वापरावे. पाणी भरण्यासाठी पंधरा मीटरची स्वच्छ नळी आणि निरनिराळ्या तोंडांच्या नळांना बसणारे जोड सोबत असावेत, कारण गावोगावच्या नळांची तोंडे एकसारखी नसतात. विजेच्या बाबतीत, शंभर अँपिअर-तासाची बारा व्होल्टची एक बॅटरी कागदावर बाराशे वॉट-तास देते. ती लेड-अ‍ॅसिड प्रकारची असेल तर त्यातले निम्मेच वापरावे, अन्यथा तिचे आयुष्य घटते. दिवे, पंखा, मोबाइल आणि लहान फ्रिज यांना रात्रभर एवढे पुरते. वातानुकूलन यंत्र मात्र त्यावर तासभरही धड चालत नाही. ते चालवायचे असेल तर बाहेरून वीज घ्यावी लागते. त्यासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तीन पदरी तांब्याची वायर वापरावी आणि ती पूर्ण उलगडून टाकावी. गुंडाळलेली वायर जास्त भाराने तापते आणि तिचे आवरण वितळू शकते. जोडण्यापूर्वी अर्थिंग आहे का ते साध्या तपासणी-प्लगने पाहावे. स्वयंपाकासाठी पाच किलोचा गॅस सिलिंडर पुरतो, आणि गाडी चालू असताना त्याचा व्हॉल्व्ह बंद असलाच पाहिजे. तसेच गाडी चालू असताना कोणीही पलंगावर आडवे होऊ नये किंवा ओट्यापाशी उभे राहू नये. मुलांना हे पटवणे सर्वांत कठीण जाते, तरीही प्रत्येकाने पट्टा लावून आसनावरच बसावे.

पुण्याहून सासवडला दोन घाटांनी जाता येते. मोटारहोमसाठी हडपसरवरून दिवे घाट निवडावा. कोंढव्याकडचा बोपदेव घाट जास्त चढाचा आणि अडचणीच्या वळणांचा आहे. शहरातली गर्दी टाळण्यासाठी सकाळी सातच्या आत हडपसर ओलांडावे. सासवडमध्ये गाडी मुख्य रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत लावून गावात पायी किंवा रिक्षाने जावे. कऱ्हेच्या काठावरचे संगमेश्वराचे देऊळ, संत सोपानदेवांची समाधी आणि पुरंदऱ्यांचा वाडा ही ठिकाणे पाहायला अर्धा दिवस पुरतो. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे 1720 मध्ये निधन झाले ते याच गावी. गावापासून थोड्या अंतरावरचे चांगावटेश्वराचे देऊळ शांत आहे आणि तेथील खांबांवरचे कोरीवकाम निवांतपणे पाहता येते. हंगाम असेल तर पुरंदरचे अंजीर आणि सीताफळ रस्त्यालगतच घ्यावे. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पिकलेले अंजीर गाडीच्या हादऱ्यांत दबते, म्हणून ते फ्रिजच्या वरच्या कप्प्यात एका थरात ठेवावे किंवा सरळ त्याच दुपारी संपवावे.

जेजुरी तेथून अठराएक किलोमीटरवर आहे. गडावर जाण्याआधी एक व्यवहारी सूचना: भंडारा आसनाच्या कापडावरून निघत नाही आणि भाड्याच्या गाडीत त्याची भरपाई अनामत रकमेतून कापली जाते. उतरण्यापूर्वी आसनांवर जुन्या चादरी पसराव्यात आणि परत आल्यावर पादत्राणे व अंगावरचे कपडे बाहेरच झटकावेत. सोमवती अमावास्या आणि चंपाषष्ठी या दिवशी या गाडीने जेजुरीला जाऊच नये. गडाइतकीच पाहण्यासारखी, पण कमी गर्दीची जागा म्हणजे होळकरांचा तलाव आणि त्याच्याजवळचे मल्हार गौतमेश्वराचे छत्री मंदिर. अष्टविनायकातले मोरगाव येथून जवळ असले, तरी एकाच दिवसात सासवड, जेजुरी आणि मोरगाव असा आग्रह धरला तर फलटणला पोहोचेपर्यंत अंधार होतो, आणि या रस्त्यावर अंधार टाळलाच पाहिजे.

त्याचे कारण ऊस आहे. नोव्हेंबर ते मार्च या गाळपाच्या दिवसांत नीरा, लोणंद आणि फलटण या पट्ट्यात उसाच्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात. त्यांतल्या अनेकांना मागे दिवा नसतो आणि परावर्तक पट्टीही नसते. मोटारहोमला थांबायला मोटारीपेक्षा जास्त अंतर लागते, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचणे हा या सहलीचा न मोडण्याचा नियम समजावा. याच रस्त्याने ज्येष्ठ-आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव आणि फलटण असे मुक्काम करत पंढरपूरला जाते. त्या दिवसांत वाहतूक वळवलेली असते, म्हणून सहलीची तारीख ठरवण्याआधी पालखीचे वेळापत्रक पाहावे.

पहिला मुक्काम फलटणच्या अलीकडे किंवा गावाबाहेर करावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षाने गावात जावे. नाईक-निंबाळकरांच्या या राजधानीत राजवाडा आणि त्यालगतचे श्रीराम मंदिर पाहावे, मग जब्रेश्वराच्या देवळाच्या दगडी कोरीवकामाकडे वळावे. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई याच निंबाळकर घराण्यातल्या, आणि महानुभाव पंथात पूजनीय असलेले चक्रपाणी प्रभू हेही फलटणचेच. त्यामुळे गावात महानुभावांची मंदिरे आढळतात आणि पंथाचे भाविक दुरून येतात. राजवाड्याच्या अंतर्भागात प्रवेश आहे की नाही हे त्या दिवशी तेथेच विचारून घ्यावे.

फलटणहून दुपारी लोणंदला परतून सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यामार्गे राष्ट्रीय महामार्ग 48 ला लागावे. लोणंद ही कांद्याची मोठी बाजारपेठ आहे. लिलावाच्या दिवशी बाजार समितीच्या आसपास ट्रक-टेम्पोंची कोंडी होते, म्हणून तेथे थांबायचे ठरवलेच तर गाडी गावाच्या अलीकडे सोडावी. महामार्गावर खंबाटकी घाट ओलांडला की सुरूर फाट्यावरून वाईचा रस्ता उजवीकडे फुटतो आणि दहा-बारा किलोमीटरवर वाई येते. नकाशावर वाईहून भोरकडे मांढरदेवीवरून जाणारा रस्ता जवळचा दिसतो, परंतु तो अरुंद आणि तीव्र चढउताराचा असल्यामुळे या गाडीसाठी योग्य नाही. वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाण्याचा मोहही शनिवार-रविवारी आवरावा.

वाईला घाई करणे मला तरी मान्य नाही. दुसरा मुक्काम गावाबाहेर धोमच्या रस्त्याला करून तिसऱ्या दिवसाची सकाळ कृष्णेच्या घाटांवर घालवावी. गणपती घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव रास्ते यांनी 1762 मध्ये बांधले, आणि त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची ठेवली आहे, जेणेकरून पुराचे पाणी दोन्ही बाजूंना दुभंगून जावे. ही भिंत पाहण्यासाठी देवळाला वळसा घालून मागे जावे लागते. बरेच लोक दर्शन घेऊन समोरूनच परततात. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच गावी उभे राहिले, आणि वाचनाची आवड असणाऱ्याला विश्वकोशाची इमारत बाहेरून पाहूनही बरे वाटते. बाजारात हळद घ्यावी. तेथून तीनेक किलोमीटरवरच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट आहे. घाटावरच्या छोट्या देवळात टांगलेली मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या 1739 च्या वसई मोहिमेतून आलेली आहे. मेणवलीची गल्ली मोटारहोमसाठी नाही, म्हणून वाईहून रिक्षाच करावी.

सांडपाणी आणि मैल्याच्या बाबतीत शिथिलता चालणार नाही. भांडी धुतलेले साबणाचे पाणी नदीच्या घाटावर, रस्त्यालगत किंवा कोणाच्या उभ्या पिकात सोडू नये. मुक्कामाच्या ठिकाणी विचारून स्नानगृहाच्या मोरीत सोडावे. गाडीतल्या कॅसेट शौचालयाची, म्हणजे बाहेर काढून रिकामी करता येणारी, टाकी साधारण सतरा-अठरा लिटरची असते आणि चौघांनी वापरली तर दीड-दोन दिवसांत भरते, म्हणून दिवसा शक्य तेथे बाहेरची स्वच्छतागृहे वापरावीत. ती टाकी केवळ सेप्टिक टँकला जोडलेल्या शौचालयात, मालकाच्या परवानगीने, हातमोजे घालून रिकामी करावी. त्यात घालण्याचे रसायन फॉर्माल्डिहाइडविरहित निवडावे. फॉर्माल्डिहाइड सेप्टिक टँकमधले जिवाणू मारते आणि आपण निघून गेल्यावर त्याचा त्रास यजमानाला होतो.

तिसऱ्या दिवशी वाईहून दुपारी दोनच्या सुमारास निघावे. रविवारी संध्याकाळी खेड शिवापूरच्या टोलनाक्यापासून कात्रजपर्यंत वाहनांची रांग लागते आणि लांब गाडीला मार्गिका बदलणे कठीण होते. वेळ उरलाच तर नसरापूरजवळच्या बनेश्वराच्या झाडीत तासभर थांबता येते. फास्टॅगमध्ये रक्कम असल्याची खात्री निघतानाच करावी. गाडी परत देण्यापूर्वी सांडपाण्याची आणि शौचालयाची अशा दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात, फ्रिज पुसून त्याचे दार किंचित उघडे ठेवावे, डिझेल ठरलेल्या पातळीपर्यंत भरावे आणि आतून-बाहेरून छायाचित्रे काढून मालकासमोरच अनामत रकमेचा हिशेब पूर्ण करावा.