ॲक्सेस रखडतंय म्हणता? आधी या चुका टाळा

वळवाचे ढग जमले की माझा फोन वाजायला लागतो. "भाऊ, प्रोग्राम परत अडकला." फोंडा, डिचोली, म्हापसा भागातली कितीतरी गोदामं आणि दुकानं अजून मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेस प्रोग्रामवर हिशेब ठेवतात. ॲक्सेस गुणी बाळ आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या नावाने खडे फोडणाऱ्यांकडे गेलो की बहुतेक वेळा हीच लक्षणं दिसतात.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे एकच फाईल चौघांनी वायफायवरून उघडणं. ॲक्सेसच्या मागे कोणी सर्व्हर बसलेला नसतो, ती नुसती फाईल असते. शोधाशोध तुमच्याच मशीनवर होते आणि त्यासाठी डेटा तिकडून ओढून आणावा लागतो. म्हणून ते रखडतं. आणि लिहिता लिहिता संपर्क तुटला तर फाईलच बिघडते.

फोंड्याकडच्या एका काजूच्या गोदामात नेमकं हेच झालं. मे महिना, दुपारचे चार, बाहेर पोती घेऊन बागायतदार उभे. गडगडाट झाला आणि लाईट गेली. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, वजन नोंदवणाऱ्या मुलीचा लॅपटॉप बॅटरीवर. राऊटर मात्र साध्या प्लगवर! मुलीने सेव्ह दाबलं आणि मग फाईल उघडेचना. मालकांनी घाईघाईत कुठल्याशा व्हिडिओत बघून त्या फाईलीवरच दुरुस्तीचे तीन प्रयोग केले. मी पोचलो तेव्हा मूळ बिघाड कुठला आणि प्रयोगांचा कुठला, हे सांगता येत नव्हतं. कोरी फाईल करून एकेक टेबल (नोंदींचा तक्ता) त्यात आयात केलं. खरेदीच्या टेबलातल्या शेवटच्या नोंदी गेल्याच. पावतीपुस्तकं होती म्हणून दोन रात्री बसून परत भरल्या.

तेव्हापासून माझा शिरस्ता ठरलेला आहे. बिघडलेल्या फाईलची आधी कॉपी, मग हात लावायचा. टेबलं एका फाईलीत ठेवून ती एका मशीनवर. फॉर्म आणि रिपोर्ट दुसऱ्या फाईलीत, आणि त्या फाईलची प्रत प्रत्येकाच्या स्वतःच्या मशीनवर. मधे नेटवर्कची तार. "तार ओढायला भिंतीला भोक पाडावं लागेल" म्हणणाऱ्यांना मी आता समजावत बसत नाही.

दुसरी माझी लाडकी चूक तारखेची. कोडमध्ये किंवा एसक्यूएलमध्ये (टेबलातून डेटा मागवायची भाषा) तारीख आकड्यांत लिहिली की ॲक्सेस ती अमेरिकन पद्धतीने, आधी महिना धरून वाचतं. तुमचा विंडोज भारतीय असला तरी. एकाने एप्रिलच्या खरेदीसाठी ०१/०४ ते ३०/०४ लिहिलं. पहिली तारीख झाली ४ जानेवारी. तिसावा महिना नसल्यामुळे दुसरी मात्र गुपचूप ३० एप्रिल धरली गेली. ना एरर, ना इशारा! रिपोर्टात पूर्ण मोसमाचा आकडा आला आणि धंदा वाढला म्हणून मालक खूश. मी २०२४-०४-०१ असं वर्ष आधी लिहितो. बाराच्या पुढची तारीख टाकून "बघा, चालतंय की" म्हणणाऱ्या नवशिक्यांचा मला मनापासून राग येतो.

बाकीच्या थोडक्यात. नोंदी पुसल्या म्हणून फाईल लहान होत नाही. सगळ्यांना बाहेर काढून, आधी कॉपी घेऊन 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवा. पावत्यांचे फोटो टेबलात कोंबू नका, कारण फाईलची मर्यादा २ जीबीच आहे. फोल्डरमध्ये कुलपाचं चित्र असलेली छोटी फाईल दिसली तर कोणीतरी आत आहे असं समजा, लगेच डिलीट मारू नका. 'नाईक' शोधताना नावाच्या आधीही तारा (*) लावला की इंडेक्सचा, म्हणजे टेबलाच्या शोधसूचीचा, उपयोग संपतो आणि ॲक्सेस अख्खं टेबल चाळत बसतं. गोव्यात नाईक किती, ते तुम्हाला ठाऊकच आहे. आडनावाचा वेगळा रकाना करा.

आणि स्क्रीन पांढरी पडली की दहा सेकंदांत टास्क मॅनेजर उघडून प्रोग्राम मारणाऱ्यांनो, चहा घेऊन या. काजूच्या त्या गोदामात आता राऊटरही इन्व्हर्टरवर आहे. लॅपटॉप मात्र अजून वायफायवरच असतो, मी येणार म्हटलं की तेवढी तार लावतात.