रातांब्याची बी टाकू नका, मुठेल करा

मे महिन्यात घरोघरी रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, आमसुलं घालतात आणि बिया सरळ उकिरड्यावर जातात, ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण तेल त्या बीतच असतं आणि त्याचंच मुठेल होतं.

आधी आमसुलं. लालजर्द पिकलेले रातांबे धुवून पुसून अर्धे कापायचे, बियांसकट गर भांड्यात काढून त्यात मीठ घालायचं आणि सालं उन्हात टाकायची. संध्याकाळपर्यंत गराला रस सुटतो, त्यात सालं बुडवून ठेवायची, सकाळी परत ऊन, असे चार-पाच पुट द्यायचे. कंटाळा करून दोनच दिलेत तर आमसूल चिवट होतं आणि आमटीत आंबटपणा उतरत नाही. पाऊस लागायच्या आत उरका.

मग उरलेल्या बिया धुवून कडकडीत वाळवा. टरफलं फोडून आतला गर कुटायचा, भरपूर पाण्यात उकळायचा, वर तेलाचा तवंग येतो तो पळीने अलगद काढून घ्यायचा आणि थिजायला लागला की मुठीत दाबून गोळे करायचे, म्हणून ते मुठेल. गोळ्यावर बोटांचे वळ तसेच राहतात. थंडीत टाचा फुटल्या की रात्री पाय धुवून पुसायचे, मुठेल चमच्यात पातळ करून कोमट झालं की भेगांत भरायचं आणि मोजे घालून झोपायचं.

अंगावर पित्त उठलं तर आमसुलं पाण्यात कोळून ते पाणी अंगाला लावतात, आमच्याकडे अजूनही पहिला उपाय हाच. पण ओठ सुजले किंवा श्वास लागला तर लगेच डॉक्टरकडे, तिथे आमसुलाचं काम नाही.

सोलकढीला सात-आठ आमसुलं अर्धा तास भिजवा, कोळात नारळाचा रस, ठेचलेली लसूण-मिरची, मीठ. गरम करू नका, फाटते.

आणि जागा असेल तर रातांब्याचं झाड लावाच. बारमाही हिरवं, माड-पोफळीच्या सावलीतही वाढतं, उतारावरची माती धरून ठेवतं. फक्त यात नर-मादी झाडं वेगळी, बी रुजवून लावलंत तर सात-आठ वर्षांनी फूल आल्यावर कळतं की हा नर, म्हणून मादीचं कलमच आणा, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ चांगली आहे. जवळपास असलेला नर मात्र तोडू नका, त्याच्या परागाशिवाय फळ नीट धरत नाही. कलम पावसाच्या सुरुवातीला लावा आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घाला.