डोक्यावर स्लॅब असलेल्या घराचं लाईट बिल कमी कसं करायचं: आधी मीटर मोजा, मग स्लॅबला चुना, आणि खरेदी सगळ्यात शेवटी

आमचं घर अकोल्याला, वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि त्यांच्या डोक्यावर थेट स्लॅब. ज्यांचं घर असं आहे त्यांना सांगायला नको, मे महिन्यात रात्री ११ वाजता सुद्धा पंखा गरम हवाच फेकतो. आम्ही पण सगळे करतात तेच केलं, आधी कूलर, मग एसी, मग दुसऱ्या खोलीत पण एसी, आणि बिल पाहिलं तेव्हा डोळे उघडले. त्यानंतर तीन उन्हाळे मी एकेक गोष्ट करून पाहिली. जे उपयोगी पडलं ते इथे सविस्तर लिहितो, कारण लोक चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात, आधी महागाची वस्तू घेतात आणि फुकटातलं काम राहूनच जातं.

सगळ्यात आधी एक रविवार सकाळ मीटरपुढे घालवा. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या शेजारी ३२०० किंवा १६०० असा काहीतरी आकडा छापलेला असतो, म्हणजे तेवढ्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट झालं. आमच्या मीटरवर ३२०० आहे, तेव्हा एका मिनिटात जितक्या वेळा लुकलुकेल त्याला १८.७५ ने गुणलं की किती वॅट चालू आहेत ते कळतं (१६०० असेल तर ३७.५ ने गुणा). आता घरातलं सगळं बंद करा, फ्रीज सुद्धा, वायफायचा डबा, सेट टॉप बॉक्स सगळ्याची बटणं बंद. दिवा थांबायला पाहिजे. थांबला नाही तर कुठेतरी लीकेज आहे नाहीतर दुसऱ्याची वायर तुमच्या मीटरवर आहे, आधी वायरमन बोलवा, बाकी सगळं नंतर.

मग एकेक वस्तू चालू करायची आणि मोजायचं. घड्याळ घेऊन एक जण मीटरपाशी, एक जण वर बटणापाशी, आमच्याकडे मुलाने हे काम फार आवडीने केलं. पंख्यासारख्या छोट्या वस्तूसाठी पाच मिनिटं मोजा म्हणजे चूक होत नाही. आमचा जुना पंखा पाच मिनिटात २० वेळा, म्हणजे मिनिटाला ४, म्हणजे ७५ वॅट. दीड टनाचा एसी लावला की मिनिटाला ८० च्या आसपास, म्हणजे १५०० वॅट, दिवा इतका भराभर लुकलुकतो की मोजताना चुकायला होतं. कूलर पंपासकट २०० वॅटच्या जवळपास. म्हणजे एका एसीच्या विजेत सात कूलर चालतात, हे ऐकून माहीत असतं पण स्वतः मोजल्यावरच पटतं.

बिलाबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. पुष्कळ लोकांना वाटतं की ३०० युनिटच्या वर एक युनिट गेलं की सगळीच युनिटं महाग होतात. तसं नाही. घरगुती बिलात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे असतात आणि त्या त्या टप्प्यातल्या युनिटांनाच तो तो दर लागतो. पण याचाच अर्थ असा की तुम्ही जे युनिट वाचवता ते सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यातलं वाचतं. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून हिशोब करू नका, तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर घ्या, त्यात बिलावरचा वहन आकार (वीज वाहून आणण्याचा दर) धरा, इंधन समायोजन असेल तर ते धरा, वरून १६ टक्के वीज शुल्क लावा, तो तुमच्या वाचवलेल्या युनिटाचा खरा भाव. उन्हाळ्यात तो सरासरीपेक्षा बराच जास्त निघतो.

आता मुद्द्याचं काम, स्लॅब. रात्री ९ वाजता स्टुलावर उभं राहून स्लॅबला खालून तळहात लावून बघा. आमच्याकडे नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) हात दोन मिनिटं ठेवला की घाम फुटायचा. पाच इंचाचं काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि ती उष्णता खाली यायला काही तास लागतात, म्हणून दुपारी २ पेक्षा रात्री ९ ला खोली जास्त तापलेली वाटते. जुन्या कवेलूच्या घरात किंवा मराठवाड्यातल्या मातीच्या माळवदाखाली असं होत नसे, तिथे उष्णता इतकी खाली पोचायची नाही. आपण स्लॅब टाकला आणि वर काहीच केलं नाही. एसी लावला तर तो रात्रभर या तापलेल्या काँक्रीटशीच झुंजत बसतो, म्हणून ऊन वरच्या वर परतवणं हा पहिला इलाज आणि त्याला सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे चुना.

आधी गच्ची बघा. भेगा असतील, पाणी साचत असेल, स्लॅब गळत असेल तर ते आधी दुरुस्त करा, चुन्याने गळती थांबत नाही. मग तारेच्या ब्रशने शेवाळ आणि निघालेले पापुद्रे खरवडायचे आणि गच्ची धुऊन काढायची. पहिल्या वर्षी मी नुसतं झाडून चुना मारला, पहिल्याच पावसात पापुद्रे निघून सगळे पन्हाळात जाऊन बसले आणि पाणी गच्चीवरच तुंबलं. म्हणून धुण्यात कंटाळा नको.

कळीचा चुना घेतला तर तो आदल्या रात्री भिजवायचा, लोखंडी ड्रममध्ये, प्लास्टिकची बादली नको कारण तो अक्षरशः उकळतो. आधी ड्रममध्ये भरपूर पाणी आणि त्यात थोडा थोडा चुना टाकायचा, उलटं करायचं नाही, अंगावर उडतो. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, तेव्हा गॉगल आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका, मुलांना लांब ठेवा, आणि गेलाच डोळ्यात तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहून डॉक्टरकडे जा. हे सगळं नको असेल तर भुकटीचा विरलेला चुना गोणीत मिळतो तो घ्या, मी आता तोच घेतो. सकाळी कापडातून गाळायचा, ताकापेक्षा थोडा दाट ठेवायचा, आणि १० किलोला साधारण १ किलो फेविकॉल डीडीएल (चुन्यात मिसळायचा गोंद) घालून चांगला ढवळायचा म्हणजे हाताला लागत नाही. काही जण चुना पक्का बसावा म्हणून मीठ घालायला सांगतात, स्लॅबवर ते करू नका, मिठाने आतलं लोखंड गंजतं.

मारायचा सकाळी लवकर नाहीतर ऊन उतरल्यावर. आधी स्लॅब पाण्याने ओला करायचा, पाणी साचलेलं नको पण ओल पाहिजे, कारण तापलेल्या कोरड्या स्लॅबवर चुना मारला की स्लॅबच पाणी शोषून घेतो आणि चुन्याची नुसती भुकटी राहते. कुंच्याने एक हात उभा, तो वाळला की दुसरा हात आडवा. आमच्या ७०० चौरस फुटाला दोन हातांना २५ किलोच्या आसपास लागला. पहिल्यांदा मारताना पांढरा दिसत नाही, पाणचट दिसतो, घाबरून दाट करू नका, वाळल्यावर उठतो. फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा ही चांगली वेळ. महिन्यातून एकदा धूळ धुऊन काढा कारण मळला की त्याचं काम निम्मं होतं. पावसात बराचसा जातो, दरवर्षी मारावा लागतो हे धरून चला. गच्चीचं पाणी विहिरीत किंवा टाकीत सोडत असाल तर पहिले दोन-तीन पाऊस बाहेर जाऊ द्या.

दरवर्षीची मेहनत नको असेल तर कूल रूफचा पांढरा पेंट मिळतो, महाग आहे पण काही वर्षं टिकतो. आणि ज्यांना एकदाच पैसे घालायचेत त्यांनी फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक करून घ्यावं, तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये कूल रूफचं धोरणच आणलं, तिथे हे असलेच प्रकार चालतात. ग्रीन नेट बांधणार असाल तर स्लॅबपासून माणूस खालून जाईल इतकी उंच बांधा म्हणजे मधून हवा खेळेल, आणि जूनच्या वादळाआधी सोडून ठेवा, नाहीतर नेटबरोबर पाईप पण शेजाऱ्याकडे जातात.

पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावून फार फरक पडत नाही कारण ऊन काचेतून आत आलेलंच असतं. बांबूची चिक बाहेरून लावा. एवढंच.

यानंतर पंखे. जुना ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा) ३० वॅटच्या जवळपास. दिवसाला १५ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात, चार पंखे म्हणजे ८०. सगळे एकदम बदलायची गरज नाही, जो सगळ्यात जास्त तास फिरतो तो आधी, आमच्याकडे तो आईच्या खोलीतला होता. २०२३ पासून पंख्यांवर स्टार असणं सक्तीचं आहे, पण स्टारसोबत वॅट आणि हवेचा आकडा पण वाचा, कमी वॅटचा आणि हवाच न देणारा पंखा काय कामाचा. जुना मोठा डब्याचा रेग्युलेटर असेल तर तोही काढा, पंखा हळू केला की तो उरलेली वीज उष्णता करून उडवतो.

कूलर विदर्भात मे अखेरपर्यंत झकास चालतो कारण हवा कोरडी असते. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, हवा बाहेर गेली नाही तर खोली नुसती दमट होते. कूलरच्या बाजूच्या गवताच्या ताट्या दरवर्षी बदला. आणि हात जोडून सांगतो, पाणी भरताना प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही, आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा खटका) बसवून घ्या, त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे, नाही पडला तर तो बदलायचा.

जूनमध्ये पाऊस येतो येतो करत हवा दमट झाली की कूलर हरतो, तेव्हाच एसी. २०२० पासून नवे एसी २४ वरच सेट होऊन येतात, आम्ही २६ वर ठेवून पंखा हळू लावतो आणि अंगावर चादर लागते. एक डिग्री वाढवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा. दाराखालची फट जुन्या चादरीच्या गुंडाळीने बंद केली तरी चालते.

फ्रीजच्या दारात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर रबर गेलं, ते बदलून मिळतं, त्यासाठी नवा फ्रीज घेऊ नका.

सोलर मुद्दाम शेवटी ठेवलंय. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे, अर्ज पोर्टलवर करायचा आणि यादीतल्याच विक्रेत्याकडून बसवायचं. एक किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतं आणि त्याला १०० चौरस फूट जागा लागते. वरचं सगळं करून झालं की तुमची गरज कमी झालेली असते, आमच्याकडे विक्रेता आधी ५ किलोवॅट सांगत होता आणि शेवटी ३ मध्ये भागलं. स्टँड उंच घ्या म्हणजे पॅनलखालून हवा जाते, तेवढ्या स्लॅबवर सावली पण मिळते, आणि मार्चमध्ये चुना मारायला वाकून आत शिरता येतं.