शेअरिंगमधल्या लेथवर स्टार्ट दाबायच्या आधी
आपल्या आधी त्या लेथवर (धातूचा तुकडा फिरवून टूलने कापायचं मशीन) कोण काय करून गेलंय हे आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे मेन स्विच बंद ठेवूनच आधी सगळे लिव्हर बघा, ऑटो फीड (टूल आपोआप पुढे सरकवणारी यंत्रणा) एंगेज राहिलेलं असतं बऱ्याचदा, आणि स्पीडही मागच्याने पितळेसाठी, म्हणजे स्टीलपेक्षा जास्त, लावलेला असतो. २५ मिमीचा माइल्ड स्टीलचा रॉड एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने टर्न करायचा तर ३००-३५० आरपीएम पुरे. मग जॉब (कापायचा तुकडा) चकमध्ये, म्हणजे त्याला पकडून फिरवणाऱ्या भागात, बांधून चक हाताने एक पूर्ण फेरी फिरवा, चकचा जॉ (पकडणारा जबडा) कुठे टूल पोस्टला (टूल धरणारा भाग) किंवा कॅरेजला (तो सरकवणारा भाग) घासतोय का ते तिथेच कळतं.

चक की (चक आवळायची किल्ली) चकमध्ये सोडून हात काढायचाच नाही, एक सेकंद पण नाही. मशीन चालू झालं की ती गोळीसारखी सुटते.

हातमोजे काढा (हो, लेथवर मोजेच धोक्याचे, अडकले तर हात सोबत जातो), अंगठी-कडं पण काढा, बाह्या कोपराच्या वर, ओढणी नको, केस बांधलेले. गॉगल मात्र हवाच. लांब गुंडाळ्या होऊन येणाऱ्या चिप्स मशीन थांबवून हुकने ओढा, आणि पॉलिश पेपर बोटाला किंवा जॉबला गुंडाळून धरू नका, मी एकदा धरला होता, नख गेलं.