'प्रश्न उद्भवत नाही' : आमदारांसाठी प्रश्न लिहायला बसताना

मी लिहिलेल्या पहिल्या तारांकित प्रश्नाचं, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मागणाऱ्या प्रश्नाचं, उत्तर दोन ओळींत आटोपलं होतं. '(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.'

कलिन्याहून राज्यशास्त्रात एम.ए. करून मी नुकतीच एका आमदारताईंच्या कार्यालयात लागले होते. विषय उपनगरातल्या मुलींच्या एका शासकीय वसतिगृहाचा. मी स्वतः जाऊन पाहून आले होते. भल्या पहाटे उठून पाण्याच्या बादल्या तापवायला रांग लावणाऱ्या मुली, आणि गच्चीवर गंजून पडलेला सोलर हीटर. एवढं डोळ्यांनी पाहून मी प्रश्नात काय लिहावं? 'सदर वसतिगृहात मूलभूत सोयीसुविधांचा अभाव असल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय?' मूलभूत म्हणजे कुठल्या, अभाव म्हणजे किती, कोणाच्या निदर्शनास, कधी, यातलं काहीच नाही. विभागाने 'खरे नाही' म्हटलं आणि पुढचे तिन्ही भाग आपोआप गळाले, कारण ते सगळे पहिल्या भागाच्या 'हो'वर टांगलेले होते.

विधिमंडळातल्या प्रश्नांची घडण ठरलेली असते. 'माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय', मग पहिला भाग 'हे खरे आहे काय', दुसरा 'असल्यास', तिसरा 'असल्यास, चौकशी केली आहे काय', आणि शेवटी 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. जुने प्रश्न बघून नवा माणूस हाच साचा उचलतो. सगळा डोलारा पहिल्या भागावर उभा असतो हे त्याच्या लक्षात येत नाही.

हे मला ज्यांनी दाखवलं ते एक निवृत्त अवर सचिव. आमदार निवासात त्यांची ये-जा असायची, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. आयुष्यभर ते रस्त्यापलीकडे, मंत्रालयात, आमदारांच्या प्रश्नांना उत्तरं लिहीत होते. तिथे अशा प्रश्नाला 'एलएक्यू' (विधानसभा प्रश्नाचं इंग्रजी लघुरूप) म्हणतात, आणि अधिवेशन आलं की कार्यासनावरची बाकी सगळी कामं बाजूला पडतात. माझा प्रश्न वाचून काका म्हणाले, "बाळ, हे उत्तर लिहायला आमच्या कक्ष अधिकाऱ्याला चहा संपेपर्यंतसुद्धा वेळ लागला नसेल. तुझ्या प्रश्नात आकडा कुठाय? तारीख कुठाय? आम्ही पहिल्यांदा बघायचो की 'नाही' म्हणून सुटता येतंय का. सुटता येत असेल तर कशाला खोलात जायचं?"

मग त्यांनी एका कागदावर पाच शब्द एकाखाली एक लिहिले. तरतूद, वितरित, खर्च, समर्पित, आणि सगळ्यांत वर, वेगळा, मंजूर. सरकारी पैशाबद्दल विचारायचं असेल तर हे पाच शब्द पाच वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी डोक्यात पक्कं करा. 'मंजूर' म्हणजे बहुतेक वेळा नुसती प्रशासकीय मान्यता. काम करायला हरकत नाही, एवढंच. त्यात एक रुपयाही हललेला नसतो. 'तरतूद' म्हणजे अर्थसंकल्पात त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या त्या बाबीच्या ठरलेल्या क्रमांकाखाली, दाखवलेली रक्कम. 'वितरित' म्हणजे त्यातली जेवढी वित्त विभागाने आणि मग प्रशासकीय विभागाने खाली सोडली तेवढी. 'खर्च' म्हणजे कोषागारातून बाहेर पडलेला पैसा, आणि 'समर्पित' म्हणजे वर्ष संपायच्या आत परत केलेला. शुभारंभाच्या फलकावर जो आकडा लिहितात तो जवळजवळ नेहमी 'मंजूर' असतो. वर्तमानपत्रातही तोच येतो. लोकांना मात्र तो 'खर्च' वाटतो.

ही नावं तोंडपाठ झाली की आकडे कुठे शोधायचे हेही कळतं. कुठलाही निधी देणारा शासन निर्णय घ्या आणि शेवटचे परिच्छेद आधी वाचा, मागणी क्रमांक आणि लेखाशीर्ष तिथे दिलेलं असतं. ते लेखाशीर्ष घेऊन अर्थसंकल्पीय प्रकाशनात जायचं, मग बीम्स या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीवर वितरण आणि खर्च बघायचा. शिवाय अर्थसंकल्पाच्या आधी येणारा आर्थिक पाहणी अहवाल. २०११-१२च्या पाहणीतल्या सिंचनाच्या टक्केवारीवरून राज्याचं राजकारण किती ढवळून निघालं होतं आणि २०१२च्या अखेरीस सरकारला सिंचनावर श्वेतपत्रिका काढावी लागली होती, हे त्या वेळी शाळेत असलेल्यांनीही ऐकलं असेल. तो आकडा कोणी चोरून आणला नव्हता, सरकारनेच छापला होता.

वसतिगृहाचा प्रश्न आम्ही पुढच्या अधिवेशनात पुन्हा टाकला. या वेळी 'अभाव' नाही, 'गैरसोय' नाही. पाणी तापवण्याच्या यंत्रणेच्या दुरुस्तीसाठी अमुक दिनांकाच्या शासन निर्णयान्वये निधी वितरित करण्यात आला, हे खरे आहे काय? असल्यास, ३१ मार्चअखेर त्यापैकी किती खर्च झाला व किती समर्पित केला? काम कोणत्या यंत्रणेकडे सोपवले, कार्यादेश कधी दिला? यात 'नाही' म्हणायला जागा नव्हती, शासन निर्णय तर त्यांचाच होता. उत्तर आलं: निधी वितरित, खर्च निरंक (म्हणजे शून्य), पूर्ण रक्कम समर्पित, निविदा प्रक्रिया वर्षात पूर्ण होऊ शकली नाही. मुलींनी मला सांगितलेलं सगळं त्या 'निरंक'मध्ये मावलं होतं.

दिल्लीतलं एक उदाहरण मी नव्या मुलांना हमखास सांगते, कारण त्याचा शेवट आपल्या मुंबईत झाला. एलआयसीने हरिदास मुंधडांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले होते. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत त्यावर पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा गोलमोल उत्तर देऊन विषय मिटवला गेला. डिसेंबरात फिरोज गांधी तपशील घेऊन उभे राहिले. आपल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला, सुनावणी मुंबईत उघडपणे झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच होते, आणि अर्थमंत्रीही त्याच पक्षाचे. आज एलआयसीचं 'योगक्षेम' विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर आहे. त्या बाजूने जाताना मला त्या पहिल्या, वाया गेलेल्या उत्तराची आठवण होते.

आता सभागृहात काय होतं ते. प्रश्नोत्तराच्या तासाच्या यादीत कितीही प्रश्न छापलेले असोत, प्रत्यक्षात मोजकेच पुकारले जातात. तुमचा प्रश्न यादीत खाली असेल तर त्याचं उत्तर छापील स्वरूपात पटलावर जाईल, तोंडी चर्चा नाही. पुकारला गेला तर खरी मजा उपप्रश्नात. लेखी उत्तर तर सगळ्यांच्या हातात असतंच. उपप्रश्न लिहून देताना मी सुरुवातीला अर्धा पान भरायचे. ताईंनी एकदा कागद परत केला. "अगं, अध्यक्ष मला भाषण करू देणार आहेत का? एक ओळ दे." तेव्हापासून एक ओळ, आणि तिच्या शेवटी तारीख मागायची. 'काम कधी पूर्ण होणार, दिनांक सांगाल का?' मंत्र्यांनी 'लवकरात लवकर' म्हटलं तर हाती काही नाही. 'तीन महिन्यांत' म्हटलं तर ते आश्वासन होतं, आणि आश्वासनांची नोंद होते. त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. तुमच्याकडे स्वतःची वही हवी. कोणत्या तारखेला, कोणत्या मंत्र्यांनी, काय कबूल केलं. ही वही आमच्या कार्यालयात सगळ्यांत जास्त हाताळली जाते. अध्यक्षांना उत्तर अपुरं वाटलं तर ते प्रश्न राखून ठेवतात, म्हणजे मंत्र्यांना त्यावर पुन्हा उत्तर द्यावं लागतं. त्या दिवशी कार्यालयात वडापाव येतो.

लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा ही बाकीची आयुधं. नियमांचं पुस्तक आठवडाभरात वाचून होतं, त्यावर मी शब्द खर्च करत नाही. एवढंच सांगते की न्यायप्रविष्ट बाब असेल, किंवा प्रश्नात नुसता आरोप असेल, तर तो स्वीकारला जात नाही आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. माझी दोनदा गेली आहे.

पुरवणी मागण्यांबद्दल, म्हणजे अर्थसंकल्पानंतर वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा पैशांबद्दल, मात्र थोडं थांबते, कारण नवे लोक तिकडे बघतच नाहीत. अधिवेशनाच्या सुरुवातीला हे जाडजूड पुस्तक सादर होतं आणि चर्चेला हाती दोन-तीन दिवस असतात. कंटाळवाणं असतं, कबूल. पण एक सोपा खेळ करून बघा. पुरवणी मागणी केलेलं लेखाशीर्ष घ्या आणि त्याखाली मूळ तरतुदीतला किती खर्च झालाय ते तपासा. मूळ रक्कमच संपलेली नाही आणि वर आणखी मागितले आहेत, असं सापडतं. कॅगच्या (सरकारी हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या) राज्याच्या वित्तव्यवहारावरच्या अहवालांत हा शेरा पुन्हा पुन्हा येतो. अनुदानाच्या मागण्यांवर कपात सूचनाही देता येतात. शंभर रुपयांची कपात सुचवायची, म्हणजे एका विशिष्ट तक्रारीवर बोलायला वाट मिळते. शंभर रुपये वाचवायचे नसतात. माझ्या आईला हे समजावताना माझी फार दमछाक झाली होती.

समित्यांचं जग वेगळं. लोकलेखा समिती, अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती, आणि गावोगाव जाऊन जिल्हा परिषदांची झाडाझडती घेणारी पंचायत राज समिती. कॅगचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळापुढे येतो, त्यातले परिच्छेद लोकलेखा समिती घेते, आणि विभागाच्या सचिवांना साक्षीला बोलावते. इथे मंत्री नसतात, कॅमेरा नसतो, घोषणा नसतात. पक्ष बाजूला ठेवून आमदार सचिवांना तासन् तास पिदडतात असं ताई सांगतात. मी सांगू शकत नाही, कारण आमच्यासारख्यांना आत जाता येत नाही. आपण बाहेर बाकावर बसून राहायचं आणि आदल्या रात्री केलेली टिपणं आत कामी येत असतील अशी आशा करायची. एक अडचण आहे, समितीपुढे येणारा परिच्छेद बहुधा काही वर्षं जुना असतो. ज्यांनी तो खर्च केला ते अधिकारी बदलून गेलेले असतात, आणि साक्षीला आलेले सचिव हात जोडून म्हणतात की मी नुकताच रुजू झालो आहे.

मुंबईपुरती एक जादा गोष्ट. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे बराच काळ नगरसेवकच नव्हते. मग गटारापासून शाळेच्या छपरापर्यंत सगळं शहरातल्या ३६ आमदारांकडे आलं. महापालिकेच्या पैशांबद्दल विधानसभेत विचारलं तर उत्तर नगरविकास विभाग देतो, तोही पालिकेकडून माहिती मागवून. त्यात 'माहिती संकलित करण्यात येत आहे' हे वाक्य फार वेळा वाचावं लागतं. तेव्हा आधी माहिती अधिकारात अर्ज टाकून कागद मिळवायचा आणि मग त्या कागदावर बोट ठेवून प्रश्न करायचा, ही सवय मला त्या काळात लागली.

आता ते, जे कोणी मुलाखतीत सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक गृहस्थ तुमच्याकडे येतील. अतिशय गोड बोलतील, टाइप केलेला तयार प्रश्न देतील, सोबत शासन निर्णय, लेखाशीर्ष, सगळं. मी वर जे शिकवलं त्यापेक्षा सरस. तो प्रश्न बहुधा निविदेत हरलेल्या ठेकेदाराचा असतो. त्यातली माहिती खोटी असेलच असं नाही, हीच पंचाईत. माझा नियम साधा आहे: आणलेला प्रश्न जसाच्या तसा जात नाही, कागद मी स्वतः तपासते, आणि ताईंना प्रश्न कोणाकडून आला ते सांगते. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्यावरून संसदेतून ११ खासदारांची हकालपट्टी झाली होती. प्रश्न पुढे सरकवणारे हात मधल्या माणसांचे असतात, आणि ते मधले माणूस आता आपण आहोत.

या कामात शिरायचं कसं, असं बरेच जण विचारतात. परीक्षा नाही, जाहिरातही क्वचित. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासवर्ग घेते, तिथे जरूर जा. एरवी आपल्या मतदारसंघातल्या आमदारांच्या कार्यालयात जाऊन एक चांगला लिहिलेला प्रश्न दाखवणं हाच अर्ज. सरकार प्रत्येक आमदाराला एका स्वीय सहायकाचा पगार देतं, अभ्यास करणाऱ्या माणसाचे पैसे मात्र बहुतेक ठिकाणी आमदाराच्या खिशातून येतात, त्यामुळे रक्कम आणि तारीख दोन्ही पहिल्याच दिवशी बोलून घ्या. मी नव्हती घेतली. मार्चमध्ये रजा मिळणार नाही हेही घरी सांगून ठेवा.

वसतिगृहात नवा हीटर बसला, प्रश्न राखून ठेवल्यानंतर सात महिन्यांनी. मंत्र्यांनी तीन म्हटले होते. वहीत त्या नोंदीवर मी फुली मारली, आणि खाली नवी ओळ लिहिली: देखभालीचा करार, मुदत कधीपर्यंत?