हाडांसाठी धडपडताना या चुका टाळा

‘ड’ जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्याला एक असते. रोज नाही! व्यायाम शिकवायच्या आधी मी प्रत्येकाला हेच विचारते, कारण चूक इथंच होते.

खानापूरकडच्या एक आक्का पाठदुखीसाठी आल्या. चिठ्ठी सुनेकडं, पुड्या आक्कांकडं. चव गोड, म्हणून रोज दुधातून एक. संपल्या की रिकामं पाकीट दाखवून मेडिकलमधून नवीन. मग भूक गेली, उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान. घरी सगळे पित्त समजून बसले. पिशवीतली पाकिटं बघून मी व्यायाम बाजूला ठेवला आणि आधी रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) तपासायला पाठवलं. कॅल्शियम खूप वाढलेलं, मूत्रपिंडावर ताण. ॲडमिट करून सलाईन लावावं लागलं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. म्हणून मी पाकिटावरच मार्करनं वार लिहून देते. कोर्स संपला की पाकीट कचऱ्यात, पुढचं डॉक्टरांना विचारून.

दुसरी चूक म्हणजे नुसतं चालणं. बेळगावातल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे फेऱ्या मारणाऱ्यांचं मला कौतुक आहे, पण हाडाला वजन पेलायला लावल्याशिवाय ते घट्ट होत नाही. हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा, जिना चढा, भिंतीला धरून टाचा उचला. उतावीळ मंडळी पहिल्याच आठवड्यात जड डंबेल उचलतात आणि खांदा धरून परत येतात. हाडात फरक पडायला महिने लागतात, त्याला शॉर्टकट नाही. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल तर पुढं वाकून अंगठे धरू नका, मणका दबून मोडू शकतो.

पहाटेच्या कोवळ्या उन्हात ‘ड’ फारसं तयार होत नाही. सकाळी दहानंतरचं ऊन थोडा वेळ अंगावर घ्या, खिडकीच्या काचेआडून नको.

नाचणीची आंबील उत्तमच. पण १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम सुमारे ३५० मिलिग्रॅम आणि मोठ्या माणसाची रोजची गरज १,०००. एका वाटीत पीठ जातं किती? जोडीला ताक, दही, तिळाची चटणी हवीच.

मिश्री सोडा. ती तंबाखूच आहे आणि तंबाखू हाडं पोखरते.

थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी यांत चार तासांचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही कॅल्शियमबरोबर नको.